इस्तारी लोकलवर आला

नवरा लोकलवर आणायचा, हे देवकाबाईने भादव्यातल्या तापात ठरवलं.

त्या वर्षी हिवताप घरोघर होता. देवकाबाई दोन गोधड्या आणि वर मासोळ्यांचं जाळं पांघरून कुडकुडत पडली होती. जाळं कशाला, तर सासरे बापूजी यांना घरात पांघरायला तिसरं काही सापडलं नाही. बापूजींना ऐकू कमी यायचं. ती पाणी मागायची आणि ते दार उघडून बाहेर कोण आलं ते पाहून यायचे. एकुलती एक लेक कुंता उन्हाळ्यात लग्न होऊन मूल गावी सासरी गेली होती. शेजारची धुरपता सकाळ-संध्याकाळ पेज घेऊन आली, म्हणून बाई वाचली. नवरा तेव्हा जबलपूरला होता. तो आला तेव्हा ताप केव्हाच उतरला होता, आणि येताना त्याने शिवनीची सीताफळं आणली होती.

"लय गोड हायेत, खाऊन पाय," तो म्हणाला.

देवकाबाईने सीताफळं खाल्ली, बिया अंगणात थुंकल्या आणि तापात ठरवलेलं शुद्धीवर पुन्हा एकदा ठरवलं.

इस्तारी हा आमच्या बोडध्याचा पहिला आणि तोवरचा एकमेव डायवर. जातीने ढीवर. बापजाद्यांनी जन्मभर तलावात जाळी टाकली, यानं लढाईच्या काळात मिलिटरीत जाऊन गाडी शिकली. लढाई संपल्यावर चांद्याच्या बाबूभाई लाकूडवाल्यांनी मिलिटरीची एक मोडकी गाडी लिलावात घेतली, आणि तिला चालवू शकेल असा माणूस म्हणून इस्तारीला ठेवून घेतलं. तेव्हापासून तो लाईनवर होता. लाईन म्हणजे सागवान भरून नागपूर, पुढे शिवनी, पुढे जबलपूर. महिन्यातून दोन दिवस घरी. ते दोन दिवस बोडध्याला सणासारखे जात. घरी कोंबडं कापलं जाई. संध्याकाळी पारावर इस्तारी खाकी कपड्यात बसे आणि घाटात आडवा आलेला वाघ, संगमरवराचे डोंगर, नागपूरचे विजेचे दिवे असं सगळं सांगे. वाघ दर महिन्याला थोडा मोठा व्हायचा. आम्ही तो होऊ द्यायचो.

आणि लोकल म्हणजे जंगलातल्या कूपातून, तोडीला दिलेल्या पट्ट्यातून, बांबू भरायचा, तो कागदवाल्यांच्या डेपोत नेऊन टाकायचा. रोज तोच रस्ता आणि तीच धूळ. लाईनवाले डायवर लोकलवाल्यांना बंडीवाले, म्हणजे बैलगाडीवाले, म्हणत, आणि त्यांच्या शेजारी बसून चहासुद्धा पीत नसत.

दिवाळी झाली तशी देवकाबाई सुकवलेल्या झिंग्यांचं गाठोडं घेऊन चांद्याला गेली. पठाणपुऱ्यात बाबूभाईंचं घर होतं. ती शेठकडे गेली नाही, मागच्या दाराने त्यांच्या बायकोकडे, खुर्शीदाभाभीकडे गेली.

"भाभी, माह्या मालकाले लोकलवर टाका."

खुर्शीदाभाभीने झिंगे हुंगून पाहिले. "अगं बाई, लाईनवर भत्ता भेटते. लोकलवर काय भेटन तुले?"

"नवरा भेटन."

भाभी खूप हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "माझा घेऊन जा. तो सांज झाली का घरीच असते. हे काऊन असं शिजवलं, ते काऊन तसं ठेवलं." पण देवकाबाई हसत नव्हती. ती म्हणाली, "भाभी, मी तापानं पडली होती ना, तवा सडकेवरून कोन्याबी गाडीचा आवाज आला का मी उठून बसत होती." भाभींनी मग पुढे काही विचारलं नाही. झिंगे आत ठेवले आणि चार दिवसांत होईल म्हणाल्या.

"त्याईले सांगू नोका मी बोलली म्हून," देवकाबाई जाता जाता म्हणाली.

बाबूभाई शेठमाणूस. चाळीस मजूर त्यांच्या शब्दावर जंगलात शिरत. पण घरात जिचा शब्द चालायचा तिचा चालला. लाईनवरून गाडी आली तशी त्यांनी इस्तारीला लाकडाच्या टालात बोलावलं.

"इस्तारी, कागदवाल्यांचं बांबूचं काम घेतलं आपन. आता तू लोकल चल."

इस्तारीच्या हातातली बिडी विझली. "शेठ, माहं काय चुकलं?"

"कुछ नाई चुकलं. भरवशाचा आदमी पायजे मले तिथी."

भरवशाचा आदमी हे शब्द ऐकून इस्तारीची खात्रीच झाली की शेठला सगळं कळलेलं आहे. तो खाली बसला. "शेठ, ते वरोऱ्याचं मडगार्ड. म्हशीनं नाई मोडलं ते. मी मागं घेऊन राह्यलो होतो, त झाड होतं."

 बाबूभाईंना म्हशीवर आजवर शंका आलेली नव्हती.

"आनि ते कुरईच्या घाटातलं वऱ्हाड. चांगले लोक होते शेठ, नवरदेव पायी चालून राह्यला होता. म्हून लाकडावर बसवलं. पैसे नाई घेतले. जेवलो फक्त."

"और?" बाबूभाई आता पुढे सरकून बसले होते.

"आनि नागपूरले ते दोन दिवस गाडी बिघडली होती म्हून सांगतलं, ते. गाडी चांगली होती. सर्कस आली होती."

बाबूभाईंनी टोपी काढून डोकं पुसलं. आतापर्यंत त्यांना या माणसाला लोकलवर टाकायची लाज वाटत होती. ती आता मुळीच राहिली नाही. "लोकलच चल तू," ते म्हणाले. "आनि क्लीनर नाई भेटनार. लोकलले क्लीनर कायले?"

तर असा इस्तारी लोकलवर आला. गोंडपिपरीच्या पलीकडे कूप होता. तिथे मजूर दुपार कलेपर्यंत गाडी भरत. पण डेपोचं फाटक दिवस बुडताना बंद व्हायचं, आणि रस्ता असा की भरली गाडी तोवर तिथे पोहोचत नसे. बोडधा बरोबर मध्ये. म्हणजे रात्रीचा मुक्काम आपोआप घरी, आणि सकाळी उठून डेपो. देवकाबाईने हा हिशेब आधीच करून ठेवला होता.

पहिल्या संध्याकाळी गाडी बांबूंसकट घरासमोर येऊन थांबली. देवकाबाईने कोंबडं कापलं. इस्तारी मान खाली घालून जेवला. जेवण झाल्यावर ती आत अंथरूण घालत होती तर हा कांबळं घेऊन बाहेर चालला.

"कुठी चालले?"

"गाडीवर."

"काऊन?"

"भरली गाडी डायवरनं सोडू नाई. लाईनचा नियम हाये."

आणि चाकावर पाय देऊन तो बांबूंवर चढला आणि डोक्यावरून कांबळं घेऊन झोपला. हा नियम इस्तारीने कुठे वाचलेला नव्हता, तो त्याच्या अंगात होता. एकदा शिवनीला भरली गाडी सोडून तो जेवायला बसला, तर परत येईस्तोवर दोर आणि ताडपत्री दोन्ही गेलेले. तेव्हापासून माल असला की तो गाडी नजरेसमोर ठेवून जेवायचा आणि गाडीतच झोपायचा.

दुसऱ्या दिवशी अंडी होती. तिसऱ्या दिवशी मासोळी. आठवड्याच्या आत गोष्ट लाखोळीच्या डाळीवर आली, आणि त्यात देवकाबाईचा दोष नव्हता, कारण रोज पाहुणचार कोणाला परवडतो. पण इस्तारी ताटाकडे पाहायचा आणि आपण किती उतरलो ते त्याला रोज नव्याने कळायचं.

घरासमोरच्या पारावर आणखी वाईट. पहिल्या दिवशी सगळे जमले.

"आज कुठी गेला होतास गा?" तलावाच्या ढिवरांचा म्होरक्या मनसाराम याने विचारलं.

"कूपात."

"मंग?"

"मंग आलो."

आम्ही थोडा वेळ वाट पाहिली. पण कूप आम्ही सगळ्यांनीच पाहिलेला होता, आणि त्या रस्त्यावर वाघ घालायचा म्हटला तरी तो आमच्याच ओळखीचा निघाला असता. चौथ्या दिवशी पारावर आमच्यातला फक्त सुकलू होता, आणि त्याला बिडी पाहिजे होती.

बापूजींची सवय वेगळी. लेक महिन्याने यायचा तेव्हा ते जेवताना विचारायचे, "कवा जातस?" आता लेक रोज यायला लागला तरी ते रोज विचारत. "कवा जातस?" इस्तारी म्हणे, "सकाळी." ते मान हलवून म्हणत, "जाय, जाय. काम आहे त जा लागते." दुसऱ्या संध्याकाळी हा पुन्हा दारात उभा. बापूजी त्याच्याकडे जरा संशयाने पाहायला लागले.

मार्गशीर्ष गेला आणि पौषाची थंडी पडली. इस्तारी बांबूंवरच झोपत राहिला. सकाळी खाली उतरायचा तेव्हा पाठीवर बांबूच्या पेरांचे वळ उठलेले असत आणि मान एका बाजूला राहिलेली असे. कांबळं दवाने चिंब. क्लीनर नसल्यामुळे इंजनाला हँडल त्यालाच मारावं लागे. थंड इंजन हँडल उलटं फेकायचं, मग तो हात झाडत अंगणात नाचायचा आणि आमची पोरंटोरं कुंपणावर बसून पाहायची. लाईनवर असताना हाच माणूस खिडकीत कोपर ठेवून बसायचा आणि क्लीनरला म्हणायचा, मार. खोकला लागला. देवकाबाई काढा करून गाडीपाशी नेई, तो वरून हात लांब करून घेई आणि पेला परत खाली देई.

"इथी कोन चोरते बांबू?" ती एके संध्याकाळी खालून म्हणाली. "गावाचं कुंपन बांबूचं. छपराच्या कवेलूखालती बांबू. बापूजीच्या हातात बांबू. ज्याले पायजे तो मागं जंगलात जाऊन तोडून आनते."

"नियम हाये," वरून उत्तर आलं.

"मी बाई मानूस घरात, आनि तुमी बाहेर बांबूवर. लोक काय म्हनतीन?"

"लोकाईले गाडीतलं काय समजते?"

गाडीतलं समजत नव्हतं हे खरं. पण एखाद्याच्या घरासमोर रोज संध्याकाळी नवरा कांबळं घेऊन बाहेर पडताना दिसला की ते कोणत्याही गावाला समजतं. पहिल्या आठवड्यात आम्ही म्हणालो, भांडण झालं असेल. दुसऱ्या आठवड्यात म्हणालो, मोठं भांडण आहे. मग कोणीतरी विचारलं की चांगला लाईनचा डायवर एकदम लोकलवर कसा आला. त्याचं उत्तर बायकांनी तलावावर शोधून काढलं. जबलपूरला त्याची एक बाई आहे. देवकाला कळलं, ती चांद्याला शेठकडे जाऊन रडली, शेठने लाईन तोडली, आणि आता देवका त्याला उंबऱ्याच्या आत घेत नाही. देवकाबाईला चांद्याला जाताना पाहिलेलंच होतं, त्यामुळे गोष्टीला पुरावाही होता.

धुरपता एवढी जवळची, पण तीही एकदा कुंपणावरून म्हणाली, "माफ करून टाक वं आता. लय थंडी हाये."

"काय माफ करू?"

"मले नोको सांगू. मी नाई विचारत," धुरपता म्हणाली आणि बराच वेळ उभी राहिली.

मग तलाव ओढायचा दिवस आला. पौषात पाणी उतरलं की आम्ही सगळे ढीवर मिळून मोठं जाळं लावतो. पुरुष छातीएवढ्या गार पाण्यात दोर ओढतात, बायका काठावर टोपल्या घेऊन उभ्या राहतात. मासोळी निघाली की मनसाराम गवतावर ढीग लावतो. चुलीमागे एक ढीग, असा रिवाज आहे. घर मोठं असो की लहान, चूल एक तर ढीग एक. आणि नवरा-बायको वेगळे झाले असतील तर त्या घराच्या ढिगाचे दोन अर्धे करायचे, एक तिचा, एक त्याचा, म्हणजे नंतर तंटा नको. मनसारामने आजवर हे दोनदाच केलं होतं, आणि दोन्ही वेळा गावात वर्षभर बोलणं झालं होतं.

देवकाबाई टोपली घेऊन आपल्या जागी गेली. तिथे दोन अर्धे ढीग होते. एका ढिगात मरळीचं डोकं होतं, दुसऱ्यात शेपूट.

 मनसाराम दुसरीकडे पाहून ओला पटका पिळत होता. तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तो न्याय करतो आहे.

"मनसारामभाऊ, हे काय हाये?" देवकाबाईने विचारलं.

"रिवाज हाये बाई. तुहा तुले, गाडीवाल्याचा गाडीवाल्याले."

देवकाबाईचे कान तापले. ती खाली बसली आणि दोन्ही ढीग एकाच टोपलीत भरले, डोकं आणि शेपूट शेजारी शेजारी ठेवलं. मग सगळ्या बायकांच्या समोरून टोपली डोक्यावर घेऊन घरी गेली. घरी जाऊन ती रडली, आणि रडताना तिने मासोळी चिरली, कारण ती ठेवून चालत नाही.

त्याच संध्याकाळी मनसाराम आणि सुकलू समजूत घालायला आले. इस्तारी आधीच बांबूंवर जाऊन बसला होता, त्यामुळे दोघांना मान वर करून समजूत घालावी लागली.

"इस्तारी, मानूस हाये, चुकते," मनसाराम म्हणाला. "चूक झाली असन त पाय धर नि घरात जाय."

"कोनाचे पाय?"

"बायकोचे."

"माहं काईच चुकलं नाई. जे चुकलं ते मी शेठले सांगतलं."

मनसारामने सुकलूकडे पाहिलं. "म्हनजे चुकलं त होतं."

"मडगार्ड चुकलं होतं."

"तिचं नाव मडगार्ड हाये का?" सुकलूने हळूच विचारलं. सुकलूने गाडीचा कोणताच भाग नावाने ओळखला नसता. मनसारामने त्याला कोपर मारलं. इस्तारी कांबळं डोक्यावर ओढून आडवा झाला आणि पंचायत तिथेच संपली. दाराआड उभ्या असलेल्या देवकाबाईने सगळं ऐकलं. तिला हसू आलं आणि त्याचा रागही आला. आपण हा माणूस चांद्यापर्यंत जाऊन मागून आणला, आणि तो उंबऱ्यापासून दहा हातांवर येऊन अडकला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्तारी हँडल मारून निघून गेला तशी ती धुरपताकडे गेली आणि अंगणात बसून सरळ म्हणाली, "जबलपूरची बाई गिई कोनी नाई. भरली गाडी सोडत नाईत ते. म्हून बाहेर झोपतेत."

धुरपताने विचार केला. तिला ही गोष्ट आधीच्या गोष्टीपेक्षा कमी आवडली, पण देवका खोटं बोलत नाही हे तिला माहीत होतं. "आनि गाडी खाली असली, माल नसला त?"

"त्यासाठीच आली मी."

संध्याकाळी गाडी आली. इस्तारीने ती दारात उभी केली आणि रोजच्यासारखा तलावावर हातपाय धुवायला गेला. एवढाच वेळ तो गाडी नजरेआड सोडत असे, आणि तेही बापूजींना ओटीवर राखण बसवून. दिवस बुडायला अजून वेळ होता. तो वळणावरून दिसेनासा झाला आणि धुरपताच्या घरातून बायका निघाल्या. गिरजा, सोमारी, बुधरी, मनसारामची सून, सुकलूची सासू. पदर खोचलेले. बापूजींनी त्यांना पाहिलं आणि काठी उगारली, पण देवकाबाईने त्यांच्या हातात तळलेली मरळ दिली. त्यांनी काठी बाजूला ठेवली.

दोघी वर चढल्या आणि दोर सोडला. बाकीच्यांनी रांग लावली. जन्मभर जाळी ओढलेल्या आणि धान रोवलेल्या बायका त्या, हातातून हातात बांबू असे सरकायला लागले की पाहणाऱ्याला वाटावं गाडीलाच पाझर फुटला आहे. काटक्या लागल्या, धूळ डोळ्यात गेली, बुधरीचं बोट चेमटलं आणि तिने जबलपूरच्या नसलेल्या बाईला एक शिवी दिली. आरडाओरडा ऐकून पुरुष आले, आणि नुसतं उभं राहायची लाज वाटल्यामुळे तेही लागले. बांबू गल्लीच्या कडेने पार मारुतीपर्यंत रचले गेले.

इस्तारी खांद्यावर ओला पंचा टाकून वळणावर आला आणि तिथेच थांबला. गाडी रिकामी होती. मागचं फाळकंही नीट लावून ठेवलेलं. गाव दोन्ही बाजूंनी उभं होतं.

"हे काय केलं?"

"गाडी खाली केली," देवकाबाई म्हणाली. तिचे केस धुळीने पांढरे झाले होते. "भरली गाडी सोडू नाई. खाली गाडीचा काय नियम हाये?"

इस्तारीने पुष्कळ विचार केला. "खाली गाडीचा काई नियम नाई," तो शेवटी म्हणाला.

"मंग चला घरात."

"आनि माल?"

"मालाची राखन मनसारामभाऊ करतीन. रिवाज त्याईचा हाये, राखनबी त्याईची."

 मनसारामने घरून घोंगडी आणायला सुकलूला पाठवलं.

इस्तारी ओटीपर्यंत आला आणि तिथे बसला. आत जाईना. देवकाबाईने लोकांकडे पाहिलं तशी धुरपताने सगळ्यांना हाकललं, आणि आपण कुंपणाच्या पलीकडे गेली, म्हणजे ऐकू येईल एवढ्यावर.

"आता काय झालं?" देवकाबाईने विचारलं.

"कुंताची माय, मले घरात झोप नाई येत."

"काऊन?"

"मालूम नाई." तो पंच्याचं टोक पिळत होता. "गाडीचं एक निमित्त होतं. दोन दिवसाले आलो का बरं वाटे. तिसऱ्या दिवशी वाटे, आता लोक म्हनतीन, हा जाऊन काऊन नाई राह्यला. घरात पानी कुठी, मीठ कुठी, काईच मालूम नाई मले. पाहुन्यावानी बसतो नि तू देते. बाबा रोज विचारते, कवा जातस. मी काय सांगू त्याईले? लाईनवर मी डायवर होतो. इथी मी कोन हाये?"

एवढं बोलणं देवकाबाईने त्याच्या तोंडून सबंध संसारात ऐकलं नव्हतं. ती त्याच्या शेजारी बसली.

"मी तापानं पडली होती ना," ती म्हणाली, "तवा मले औषध नोको होतं, पेज नोको होती. मले वाटे, कोनी घरातलं असावं. बसून राह्यलं तरी चाललं असतं. पानी कुठी हाये ते मी सांगतलं असतं."

 मग तिने दुसरंही सांगून टाकलं. "आनि तुमचं काईच चुकलं नव्हतं. मीच भाभीले सांगतलं, लोकलवर टाका म्हून."

इस्तारीने मान वळवली. ती एका बाजूला धरलेली होती, त्यामुळे सगळं अंग वळवावं लागलं. "शेठले काईच मालूम नव्हतं?"

"नाई."

"मडगार्डचं?"

"कोनतं मडगार्ड?"

"सर्कसचंबी नाई?"

"कोनती सर्कस?"

इस्तारीने कपाळाला हात लावला. कुंपणापलीकडे धुरपताला खोकल्याची उबळ आली. मग देवकाबाईला हसू फुटलं, आणि ते आवरेना. थोड्या वेळाने तोही हसला, पण मान दुखत असल्यामुळे जपून. आतून बापूजींनी विचारलं, "कवा जातस?" इस्तारी उठला, आत गेला आणि त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला, "नाई जात." बापूजींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काऊन, काढून टाकलं का?"

सकाळी आम्ही सगळे गल्लीत जमलो, कारण माल पुन्हा भरायचा होता. उन्हं कवेलूंवर आली तरी इस्तारी उठला नाही. मनसाराम बांबूंवर बसून बसून आखडला होता, त्याने दोनदा हाक मारली. देवकाबाई दारात आली आणि ओठांवर बोट ठेवून आत गेली. आम्ही बांबूंवर बसलो आणि बिड्या ओढल्या. मग बसून काय करायचं म्हणून भरायला लागलो. आम्हाला बंडी भरता यायची, गाडी कधी भरली नव्हती. तरी भरली. इस्तारी डोळे चोळत बाहेर आला तेव्हा गाडी एका बाजूला झुकलेली होती आणि दोराला आमच्या जाळ्याच्या गाठी होत्या, ज्या फक्त आम्हालाच सुटतात. त्याने गाडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि हँडल घेतलं. सुकलू पुढे झाला आणि म्हणाला, "दे, मी मारतो." हँडलने त्याला तिथल्या तिथे खाली बसवलं, पण गाडी सुरू झाली.

डेपोत पोहोचायला दुपार झाली. फाटकापाशी बाबूभाई उन्हात उभे होते. इतक्या वर्षांत इस्तारीची गाडी उशिरा आलेली नव्हती, सर्कशीचा तेवढा अपवाद. त्यांच्या मनात घाट, नाला, उलटलेली गाडी असं सगळं येऊन गेलं होतं.

"काय झालं? टायर बसला?"

"नाई शेठ."

"इंजन?"

"नाई. झोप लागून गेली."

"झोप? कुठी?"

"घरी."

बाबूभाईंनी झुकलेली गाडी पाहिली, जाळ्याच्या गाठी पाहिल्या. रागवायचं ठरवून आले होते, पण त्यांना दुसरी घाई होती. "ते जाऊ दे. लाईनच्या नव्या डायवरचा पाय मोडला. सागवान भरून तयार हाये. उद्या सकाळी जबलपूरले निघ. भत्ता वाढवून देतो, क्लीनरबी देतो. मडगार्डचं मी विसरलो."

महिनाभरापूर्वी इस्तारीने हे ऐकून शेठचे पाय धरले असते. आता तो उभ्या उभ्या मान चोळत राहिला. मान सकाळपासून सरळ होती, तरी सवयीने.

"घरी विचारून सांगतो, शेठ," तो म्हणाला.

असं उत्तर बाबूभाईंना आजवर एकाही डायवरने दिलं नव्हतं.  त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं आणि चहावाल्याला दोन बोटं दाखवली.

"विचार बाबा," ते म्हणाले. "तुले लोकलवर आनलं, तेबी मले घरूनच सांगतलं होतं."